सूर्यघर योजनेचे अनुदान: वीजबिलावरच्या नावापासून नेट मीटरपर्यंत

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चौकशी पॅनेलच्या कंपनीची होते. अनुदान अडते ते मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी: बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) पॅनेलपेक्षा लहान निघतो किंवा पॅनेल 'डीसीआर', म्हणजे सेलसकट भारतात बनलेली, नसतात. या तिन्ही चुका काम सुरू होण्याआधी दुरुस्त करता येतात. पॅनेल चढल्यावर त्या दुरुस्त करायच्या म्हणजे महिनोन् महिने हेलपाटे, आणि डीसीआरची चूक तर सुधारतच नाही. म्हणून इथे तयारीवर जास्त भर आहे.

किती मिळते

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. एक कोटी घरांवर सौर संच बसवण्यासाठी केंद्राने ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,०००. संच ५ किंवा ८ किलोवॅटचा बसवलात तरी अनुदान ७८,००० च राहते.

महत्त्वाची गोम अशी की 'किती किलोवॅट' हे पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतल्या लहान आकड्यावर ठरते. ५४० वॅटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट, त्यांना ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर जोडला की पूर्ण ७८,००० रुपये. तीच पॅनेल पाचच लावली तर २.७ किलोवॅट होतात, मग इन्व्हर्टर ३ चा असूनही हिशेब २.७ वर होतो: ६०,००० अधिक १२,६००, म्हणजे ७२,६००. उलट सहा पॅनेलना २.५ चा इन्व्हर्टर जोडला तर ६९,०००. व्हेंडरने दिलेल्या दरपत्रकात हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. नुसते '३ किलोवॅट सिस्टिम' एवढेच लिहिलेले दरपत्रक स्वीकारू नका.

अनुदान फक्त ग्रिडला म्हणजे वितरण कंपनीच्या वीजजाळ्याला जोडलेल्या, घरगुती वर्गवारीच्या कनेक्शनवरच्या संचाला मिळते. घर तुमच्या मालकीचे हवे आणि त्या घरासाठी आधी सौर पॅनेलचे दुसरे अनुदान घेतलेले नसावे. हायब्रीड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवायला बंदी नाही, पण बॅटरीसाठी वेगळा पैसा मिळत नाही. दुकान, गिरणी किंवा कारखान्याचे कनेक्शन या योजनेत बसत नाही, मग ते घराच्या ओट्यावर का असेना.

आधी बिल वाचा

महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्या बारा आकड्यांची बेरीज करा. महाराष्ट्रात नीट बसवलेला १ किलोवॅट संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे वर्षाला साधारण १,३०० ते १,४५०. ही सरासरी आहे. एप्रिल-मेमध्ये उत्पादन चांगले असते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे ते निम्म्यावर येऊ शकते, कोकण-घाटमाथ्यावर त्याहूनही खाली. वर्षाचा वापर २,६०० युनिट असेल तर २ किलोवॅट पुरतात, ४,००० च्या आसपास असेल तर ३.

'जागा आहे तर मोठाच बसवू' हा मोह आवरा. नेट मीटर ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजतो. या नेट मीटरिंगमध्ये महिन्याला जास्तीची वीज पुढच्या महिन्यात जमा होत राहते, पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते तेव्हा उरलेल्या युनिटांचा हिशेब वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने चुकता होतो. हा दर तुम्ही विकत घेता त्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे स्वतः वापरलेले किंवा समायोजित झालेले युनिट वाचवते जास्त, विकलेले युनिट देते कमी. येत्या दोन-तीन वर्षांत विजेची स्कूटर, एसी किंवा इंडक्शन शेगडी येणार असेल तर तेवढी वाढ धरा, त्यापुढे नको.

दर टप्प्यांचाही विचार करा. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि दर टप्प्याटप्प्याने चढतो. सौर विजेने सर्वांत आधी वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट कमी होतात. त्यामुळे महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्याचा पैसा लवकर वसूल होतो, ९० युनिटवाल्याचा उशिरा. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, म्हणून योजनेच्या नावात 'मोफत' असले तरी बिल शून्यावर येईल असे धरून चालू नका.

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही योजना आणली: स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप. त्यात १ किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याची भर पडते: दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये. ५०,००० चा खर्च धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला पदरचे फक्त २,५०० रुपये घालावे लागतात. अशा घरात गच्ची बहुधा नसते, पत्राच असतो. पत्र्याखालची लाकडी किंवा लोखंडी कैची पॅनेलचे वजन आणि वारा पेलेल का, हे अर्ज करण्याआधी गवंड्याकडून किंवा फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या.

नाव, नाव आणि नाव

अर्जदाराचे नाव, वीजबिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकच हवे. गावाकडच्या घरांत बिल हमखास वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर चालू असते, आणि ते हयात नसतात. अशा बिलावर अर्ज भरला जातोही, पण पैसे खात्यात वळवायच्या वेळी तो अडकतो. त्यामुळे आधी 'नावात बदल' करून घ्या. महावितरणकडे हा अर्ज ऑनलाइन करता येतो. घराच्या मालकीचा पुरावा लागतो: शहरात खरेदीखत किंवा इंडेक्स दोन, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. वारसाने नाव लावायचे तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडा. थकबाकी असेल तर आधी भरा. नवीन नावाचे एक बिल हातात आल्यावरच पुढे जा.

नावातले छोटे फरकही त्रास देतात. बिलावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब' आणि पासबुकावर नुसती आद्याक्षरे, हे महाराष्ट्रात घरोघरी आहे. तिन्ही ठिकाणी एकसारखे करून घ्यायला दोन-तीन आठवडे जातात; तेवढे जाऊ द्या.

मंजूर भाराची काळजी मात्र नको. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट असेल आणि संच ३ चा बसवायचा असेल तर पूर्वी वेगळा अर्ज करावा लागे. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. आता १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवायच मान्य झाला असे धरले जाते आणि भारवाढही वितरण कंपनीनेच करायची असते. 'लोड वाढवायचे वेगळे पैसे' कोणी मागितले तर या नियमाचा हवाला द्या.

अर्जाचा क्रम

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून ग्राहक म्हणून खाते उघडा. राज्य, जिल्हा, वितरण कंपनी आणि ग्राहक क्रमांक भरा. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. मुंबईत बेस्ट, अदाणी किंवा टाटा पॉवर यांपैकी तुमचे बिल ज्यांचे येते ती कंपनी निवडा. गोव्यात वीज खातेच वितरण कंपनीचे काम करते. ताजे बिल अपलोड करून अर्ज पाठवा. अर्जाला कोणतीही 'नोंदणी फी' नाही. फोनवर फी मागणारा, लिंक पाठवून ओटीपी विचारणारा माणूस योजनेचा नाही.

पुढे पोर्टलवरच्या यादीतून व्हेंडर निवडायचा. तो तुमच्या वितरण कंपनीकडे नोंदलेलाच असावा. ओळखीचा इलेक्ट्रिशियन कितीही चांगला असला तरी नोंदणी नसेल तर अनुदान नाही. किमान तीन दरपत्रके घ्या. डीसीआर पॅनेलचा ३ किलोवॅट संच साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखांत बसतो. उंच स्ट्रक्चर हवे असेल तर वर. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बसवण्यासकट एकत्रित कामात ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्क्यांवर १८ टक्के असा हिशेब होतो, म्हणजे एकूण ८.९ टक्के. दरपत्रकात १३.८ टक्के दिसले तर ते जुने आहे.

दरपत्रकात इतके तरी असावे: पॅनेलची कंपनी, वॅट, संख्या आणि 'डीसीआर' हा शब्द, इन्व्हर्टरची कंपनी आणि क्षमता, स्ट्रक्चरची उंची आणि पाइपची जाडी, केबल किती मीटर, अर्थिंगचे किती खड्डे, नेट मीटरचे सगळे काम कोणाकडे, आणि ५ वर्षांची देखभाल. ही ५ वर्षांची देखभाल योजनेच्या अटीतच आहे, व्हेंडर ती मेहेरबानी म्हणून देत नाही.

डीसीआर म्हणजे पॅनेलच नव्हे, त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले. आयात सेल वापरून इथे जोडलेली पॅनेल 'मेड इन इंडिया' म्हणून स्वस्तात विकली जातात, आणि नेमके तिथेच लोक फसतात. माल घरी आला की प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक मोबाइलवर टिपून ठेवा आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. पॅनेल स्ट्रक्चरवर चढल्यावर मागचे स्टिकर वाचणे अवघड जाते, म्हणून हे जमिनीवर असतानाच करा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि बँकेतूनच. नोंदणीला १० टक्के, माल आल्यावर मोठा हिस्सा, आणि निदान १० टक्के नेट मीटर लागून संच सुरू होईपर्यंत हातात ठेवा. अनुदान थेट तुमच्या खात्यात येते. 'अनुदान वजा करून पैसे द्या, पासबुक आणि कोरा चेक आमच्याकडे ठेवा' असे म्हणणाऱ्याच्या फंदात पडू नका.

कर्ज

३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी सरकारी बँका २ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात. व्याज रेपो दराशी जोडलेले आहे, रेपोच्या वर अर्धा टक्का. मुदत १० वर्षांपर्यंत. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून जातो. साधारण १० टक्के रक्कम तुम्ही घालायची. २ लाखांच्या संचावर १,८०,००० कर्ज, ६ टक्के व्याज आणि १० वर्षे धरली तर हप्ता २,००० च्या आसपास येतो. अनुदानाचे ७८,००० कर्जखात्यात भरून हप्ता नव्याने बांधून घेतला तर तो ११०० च्या घरात उतरतो. अनुदान आले की ते दुसरीकडे खर्च होण्याआधी हे करून टाका. बँकेला लेखी कळवावे लागते, आपोआप हप्ता कमी होत नाही.

गच्चीवर

३ किलोवॅटला सहा पॅनेल. एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २७-२८ किलो वजनाचे. पॅनेलच १७० चौरस फूट खातात. मध्ये चालायला आणि सावली टाळायला जागा धरून २५० ते ३०० चौरस फूट लागतात. तोंड दक्षिणेकडे, उतार १५ ते २० अंश.

सावलीची तपासणी डिसेंबरात केलेली उत्तम, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची इमारत किंवा माड यांची सावली कुठवर येते ते खडूने आखा. एका पॅनेलवर सावली पडली तर त्याच रांगेतल्या सगळ्यांचे उत्पादन घसरते, कारण ती एकामागून एक जोडलेली असतात. टाकी हलवणे शक्य असेल तर ती हलवा. पॅनेल सावलीत ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

गच्ची वाळवणाला, झोपायला, कपड्यांना लागते. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय आराखडा पक्का करू नका. आठ फूट उंच स्ट्रक्चर घेतले तर खाली सावलीची जागा मिळते, पण उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो आणि स्ट्रक्चरला जास्त लोखंड लागते. केंद्राच्या तांत्रिक निकषांप्रमाणे स्ट्रक्चर ताशी १५० किलोमीटर वाऱ्यात टिकले पाहिजे. कोकण किनारपट्टीवर ही अट कागदी नाही; ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले तेव्हा साधे पत्रे कसे उडाले ते तिथल्या लोकांनी पाहिले आहे. खाऱ्या हवेत रंगवलेले लोखंड चार पावसाळ्यांत गंजते. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्टच घ्या. 'जीआय आहे' एवढे पुरत नाही. थर ८० मायक्रॉनचा आहे का, ते लेखी घ्या.

स्लॅबमध्ये सरळ ड्रिल मारून बोल्ट ठोकणे ही सर्वांत महाग पडणारी घाई. ब्रिकबॅट कोबा एकदा फुटला की दोन पावसाळ्यांनी खालच्या खोलीत ओल उतरते आणि मग दोष कोणाचा यावर वाद. गच्चीवर सिमेंट काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवा. ड्रिल करणे टाळताच येत नसेल तर छिद्र रासायनिक अँकरने भरून त्यावर वॉटरप्रूफिंग करून घ्या, आणि एक दिवस पाणी साठवून तपासा.

अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे हवेत: डीसी बाजूला (पॅनेल ते इन्व्हर्टर) एक, एसी बाजूला (इन्व्हर्टर ते मीटर) एक आणि वीजरोधकाला एक. तिन्ही एकाच खड्ड्यात आणून जोडणारे व्हेंडर असतात. वीज पडली की तीच वीज इन्व्हर्टरमध्ये उलटी शिरते. प्रत्येक खड्ड्याचा रोध ५ ओहमच्या खाली आहे हे मोजून दाखवायला सांगा. आपल्याकडे जिथे दोन फुटांवर कातळ लागतो तिथे साधा रॉड पुरत नाही; केमिकल अर्थिंग करावे लागते. डीसी आणि एसी अशा दोन्ही डब्यांत सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण) आहे का ते पाहा. इन्व्हर्टर उन्हात नको, स्वयंपाकघराच्या वाफेतही नको. हवा खेळती असलेल्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला बसवा.

नेट मीटर आणि अनुदान

संच बसला की व्हेंडर पोर्टलवर पॅनेल-इन्व्हर्टरचे तपशील आणि घरासह फोटो चढवतो. नंतर वितरण कंपनीची पाहणी, नेट मीटर बसवणे आणि कमिशनिंगची, म्हणजे संच सुरू झाल्याची, नोंद. तो अहवाल पोर्टलवर दिसला की तुमच्या लॉगिनमधून बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश भरा. अनेक जण इथे थांबतात, कारण 'व्हेंडर करेल' असे वाटते. हा टप्पा तुमचा आहे. पुढे सर्व जुळत असेल तर साधारण महिनाभरात रक्कम येते.

नेट मीटर लागण्याआधी संच चालू करून ठेवू नका. जुना मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतो, आणि बिल कमी होण्याऐवजी वाढते.

नेट मीटरनंतरच्या पहिल्या बिलात आयात, निर्यात आणि पुढे ओढलेले युनिट या तीन नोंदी शोधा. मीटरच्या पडद्यावरचे आकडे त्याच दिवशीच्या फोटोशी ताडा. निर्यात शून्य दिसत असेल तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये गेलेली नसते. लगेच उपविभागाकडे लेखी तक्रार द्या.

सोसायटीत

सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, वाहन चार्जिंग, गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा ५०० किलोवॅट, आणि घरटी ३ किलोवॅट या हिशेबाने. रहिवाशांनी वैयक्तिक बसवलेले संचही याच मर्यादेत मोजले जातात. सदनिकाधारकाला स्वतःचा संच हवा असेल तर गच्चीच्या वापराबद्दल संस्थेचा लेखी ठराव आधी घ्या. तोंडी संमती पुढच्या कार्यकारिणीत टिकत नाही. पुण्यात महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांवर मालमत्ता करात ५ ते १० टक्के सूट देते, तीही मागून घ्या.

सुरू झाल्यावर

वीज गेली की हा संचही बंद पडतो. तो बिघाड नसून लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठीची सोय आहे. तुमच्या फीडरवर (तुमच्या भागाला वीज देणाऱ्या लाइनवर) दिवसा तासन् तास वीज जात असेल तर तेवढे उत्पादन बुडते, हे हिशेबात धरा.

ग्रामीण भागात दुपारी 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो. एकाच रोहित्रावर बरेच संच झाले, लाइन लांब असली किंवा घरापासून खांबापर्यंतची केबल बारीक असली की असे होते. आधी न्यूट्रलचे सांधे आणि एसी केबलची जाडी तपासा. ते ठीक असेल तर रोहित्राचा टॅप (त्यातून निघणारे व्होल्टेज ठरवणारी सोय) खाली करण्यासाठी शाखा कार्यालयाला अर्ज द्या, सोबत व्होल्टेजचे फोटो जोडा.

धुणे पंधरा दिवसांतून एकदा, उन्हाळ्यात धूळ असेल तर आठवड्याला. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावरच; तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते. बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळून पांढरा थर बसतो, म्हणून मऊ कापडाने निपटून घ्या. पॅनेलवर पाय देऊ नका: वरून काच शाबूत दिसते, आत सेलला बारीक तडे जातात.

इन्व्हर्टरवरचे रोजचे युनिट वहीत किंवा मोबाइलवर टिपत राहा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३ किलोवॅटचा संच सलग ९-१० युनिटांवर अडकला असेल तर आधी पॅनेल धुऊन आणि सावली पाहून घ्या. तरीही फरक पडला नाही तर पाच वर्षांच्या देखभालीत व्हेंडरला लेखी बोलवा आणि प्रत्येक रांगेचे व्होल्टेज वेगळे मोजून घ्या.